अठ्ठावीस हजार कड्या

गेल्या दिवाळीत आपल्या वर्गाच्या ग्रुपवर मी चुकून एक फोटो टाकला. तो जायचा होता दुसऱ्याच ग्रुपवर. अंगात लोखंडी कड्यांचे चिलखत, त्यावर रिवेटांच्या ठिपक्यांचा कातडी कोट, डोक्यावर लोखंडी टोप आणि पायांत घरातल्या निळ्या सपाता, असा माझा अवतार. दहा मिनिटांत चाळीसेक संदेश आले. "कुठल्या नाटकात काम करतेस?", "ऑफिसात एवढी मारामारी असते का गं?", "आमच्या मुलाच्या गॅदरिंगला भाड्याने मिळेल का?" आणि मग कुणीतरी विचारले, "हे सगळं तू स्वतः बनवलंस?" मी स्वयंपाकघरात होते, फोडणी करपत होती. अंगठा दाखवला आणि मोकळी झाले.

तो अंगठा बरोबर नव्हता. नंतर खुलासा करायचा राहून गेला आणि मेळाव्याच्या संयोजकांनी "तू चिलखत बनवतेस ना, स्मरणिकेसाठी त्यावरच लिही" म्हणून गळ घातली. तेव्हा या लेखात थोडा इतिहास आहे आणि थोडा राहिलेला खुलासा.

दुसऱ्याच्या कामावर असा अंगठा उमटवण्याची ही माझी पहिली वेळ नव्हे. विणकामाच्या बाईंना कदाचित आठवत असेल. नववीत कार्यानुभवाच्या तासाला मुले मागच्या शेडमध्ये जायची. तिथे व्हाइस होता, कानशी होत्या, भिंतीवर हातोड्या टांगलेल्या होत्या. आम्ही मुली सभागृहात सतरंजीवर सुया घेऊन बसायचो. मला त्या शेडचे विलक्षण आकर्षण होते आणि सुयांचा तितकाच राग. त्या रागातच मी आत्याने विणलेला पायमोजा माझा म्हणून दाखवायला नेला. बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, टाच निरखली आणि एक अक्षर न बोलता वरच्या तीन ओळी उसवल्या. म्हणाल्या, "एवढं माझ्यासमोर विणून दाखव." मला येईना. मग त्या म्हणाल्या, "मोजा फार छान आहे. ज्यांनी विणला त्यांना सांग, दहापैकी नऊ. तुझं पुढच्या सोमवारी बघू." वर्गासमोर रागावल्या असत्या तर मी विसरूनही गेले असते.

चिलखत मी पहिल्यांदा पाहिले ते आठवीच्या सहलीत. मुंबईच्या संग्रहालयाचे नाव तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होते. काचेमागे अकबराचे छातीवरचे चिलखत होते. त्याच वर्षी सरांनी अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग असा काही रंगवला होता की घंटा झालेली कुणाला कळली नाही. महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, मंदिलाखाली लोखंडी टोप होता, म्हणून ते वाचले, हे आपण सगळेच उत्तरपत्रिकेत लिहीत होतो. ते चिलखत कुणी केले असेल, असा प्रश्न आपल्यापैकी एकालाही पडला नव्हता. मला तर तो पुढे वीसेक वर्षे पडला नाही.

२०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे मी कंपनीच्या कामासाठी स्टॉकहोमला होते. आमच्या टीममध्ये एक अत्यंत शांत टेस्टर होता. दर ऑगस्टमध्ये तो आठवडाभर रजेवर जायचा आणि दंडांवर निळे-काळे वण घेऊन परत यायचा. कारण विचारले तर एवढेच म्हणाला, "पुढच्या वर्षी ये आणि बघ." म्हणून गेले. स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या बंदरातून सव्वातीन तास बोटीने गेले की बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचे बेट लागते. त्याच्या किनाऱ्यावर विस्बी हे गाव आहे. गावाभोवती साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची मध्ययुगीन दगडी तटबंदी आजही उभी आहे. १९८४ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे मध्ययुगाचा आठवडा भरतो. हजारो माणसे लोकरी कपडे घालून गावात हिंडतात, लोहार भाते फुंकतात, आणि चिलखत घातलेली माणसे एकमेकांना बोथट तलवारींनी मनसोक्त बडवतात. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मग लक्षात आले की आपल्याकडची आयटीतली मुले-मुली ढोलपथकात ज्या तन्मयतेने उभी असतात, तोच भाव या लोकांच्या चेहऱ्यावर आहे. हसू थांबले.

दुसऱ्या दिवशी तो मला तटबंदीबाहेर एका दगडी क्रुसापाशी घेऊन गेला. २७ जुलै १३६१ रोजी, मंगळवारी, इथे लढाई झाली. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार सैन्य घेऊन बेटावर उतरला होता. त्याच्यासमोर उभे राहिले ते बेटावरचे शेतकरी. गावातले व्यापारी सधन होते, पण शेतकरी आणि गावकरी यांचे फार पूर्वीपासून पटत नव्हते. १२८८ मध्ये त्यांच्यात उघड युद्धही झाले होते. त्या मंगळवारी गावाचे दरवाजे बंद राहिले आणि तटाबाहेर शेतकरी कापले गेले. मेलेल्यांचा आकडा १,८०० च्या घरात सांगतात. दोन दिवसांनी गावाने राजापुढे दरवाजे उघडले. सोन्या-चांदीने भरलेल्या तीन पिंपांच्या खंडणीची कथा पुढे प्रसिद्ध झाली, तिच्यावर मोठे तैलचित्रही आहे. त्या कथेत खंडणी देणारे श्रीमंत आहेत, दरवाजाबाहेरचे कुणी नाही.

त्या बाहेरच्यांना सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. लढाईनंतर मृतांच्या अंगावरचे चिलखत काढून घेणे ही सगळीकडची रीत. लोखंड महाग होते. इथे मात्र बऱ्याच जणांना अंगावरच्या चिलखतासकट पुरले. दिवस उन्हाळ्याचे आणि मृतांची संख्या मोठी, शिवाय चिलखते जुन्या धाटणीची, म्हणून काढण्याच्या भानगडीत कुणी पडले नसावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. १९०५ पासून १९३० पर्यंत टप्प्याटप्प्याने उत्खनन झाले. निदान १,१८५ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांत कोवळी मुले होती, म्हातारे होते, जुन्या आजाराने लंगडणारेही होते. घाव बघितले तर पायांवर फार, विशेषतः गुडघ्याखाली. तिथे त्यांच्याकडे घालायला काही नव्हते.

स्टॉकहोमला परतल्यावर मी तिथल्या इतिहास संग्रहालयात गेले. तिथे एक कवटी आहे, तिच्यावर कड्यांची टोपी अजून तशीच. गंजून सगळ्या कड्या एकजीव झाल्या आहेत, पण डोक्याचा आकार त्यांनी सोडलेला नाही. अकबराच्या चिलखतासमोर मी "वा" म्हटले होते. इथे मला पहिल्यांदा वाटले की हे कुणीतरी कुणासाठी तरी विणले होते.

आमच्या छंदात विस्बीला एवढे महत्त्व का, तेही सांगते. जगभरच्या संग्रहालयांत जी चिलखते टिकली ती बहुतेक राजे-सरदारांची: झिलई केलेली, नक्षीची, पिढ्यान्‌पिढ्या वाड्यात जपलेली. साधा शेतकरी काय घालत होता, ते कळायला विस्बीसारखी दुर्दैवी जागाच लागते. बेंग्ट थोर्डेमान या स्वीडिश पुरातत्त्वज्ञाने त्या खड्ड्यांतल्या चिलखतांची एकेक पट्टी मोजून, तिची आकृती काढून १९३९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या कोटाला आतून लोखंडी पट्ट्या रिवेटने ठोकायच्या, बाहेरून फक्त रिवेटची डोकी दिसतात, अशी त्या कोटांची रचना. काहींत दोन डझन मोठ्या पट्ट्या, तर काहींत शेकडो लहान. थोर्डेमानच्या त्या आकृत्यांवरून आज पोलंडपासून अमेरिकेपर्यंतचे हौशी लोक आपापल्या गॅरेजमध्ये पत्रे कापत असतात.

मीही कापायचे ठरवले. पण नवख्या माणसाने आधी विकत घ्यावे आणि मग बनवावे, असा त्या टेस्टरचा सल्ला होता, आणि तो बरोबर होता. बाजारात चिलखत म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे भिंतीवर टांगण्यासाठीच असते. माझा पहिला टोप मी इंटरनेटवरून मागवला. दुकानाचे नाव लिहीत नाही. फोटोत तो भारदस्त होता; हातात आला तेव्हा आपल्या लाडवाच्या डब्याचा पत्राही त्याहून जाड असेल असे वाटले. अंगठ्याने दाबला तर पोचा पडला. तेव्हापासून मी पहिला प्रश्न विचारते तो पत्रा किती मिलिमीटरचा, आणि दुसरा, वजन किती. या दोन्हींची उत्तरे टाळून जो विक्रेता नक्षीबद्दल बोलू लागतो, त्याच्याकडून घेत नाही. नंतरचा टोप एका चेक लोहाराने डोक्याचे माप घेऊन केला. त्याला दीड पगार गेला, असे घरी कधी सांगितलेले नाही. आता छापूनच येणार आहे.

कड्यांच्या चिलखतात फसवणूक आणखी सोपी. तारेची कडी करून तिची टोके नुसती टेकवली, तर दिसायला जाळी झकास दिसते, पण जोराने ओढली की कडी उघडते. खरी जुनी युरोपीय पद्धत वेगळी. तार गजाभोवती गुंडाळायची, स्प्रिंगसारखी झालेली ती गुंडाळी कापून कड्या सुट्या करायच्या, टोके एकमेकांवर चढवून चपटी करायची, त्या चपट्या जागी भोक पाडायचे, शेजारच्या चार कड्यांतून ती कडी ओवायची आणि मग भोकात इवलासा रिवेट घालून दाबायचा. प्रत्येक कडीला हे सगळे. भोक एक मिलिमीटरच्या आसपास, रिवेट बाजरीच्या दाण्याहून लहान.

असा रिवेट केलेला शर्ट मी विस्बीच्या बाजारात एका पालावर घेतला. तीन हजार क्रोना, म्हणजे तेव्हाचे साधारण बावीस-तेवीस हजार रुपये. पालावरच्या बाईंनी तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला. पिशवीवर चिकटपट्टी होती: मेड इन इंडिया. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्याच देशातून आलंय." भारतात कुठून, विचारले तर त्यांना फक्त मधल्या आयातदाराचा पत्ता ठाऊक होता. पुढे कळले की युरोपातल्या हौशी लोकांच्या अंगावर जी रिवेटची जाळी दिसते, तिच्यातला बराच माल भारतातूनच जातो. देहरादूनसारख्या ठिकाणी अशा प्रतिकृतींच्या निर्यातीचा मोठा व्यवसाय आहे.

दुरुस्तीसाठी शर्टाबरोबर सुट्या कड्या आणि रिवेटांची एक पुडी मिळते. आता इंजिनियरच्या हातात पुडी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आला की काय होणार? शंभर कड्यांचे वजन भरले ३६ ग्रॅम. शर्टाचे वजन १० किलो १०० ग्रॅम. म्हणजे शर्टात अठ्ठावीस हजारांच्या आसपास कड्या. मग घड्याळ लावून मी कड्या जोडायला बसले. भोके पाडलेल्या आयत्या कड्या असूनही एका कडीला मला सरासरी एक मिनिट लागले, आणि दर सातआठ कड्यांमागे एक रिवेट बोटांतून निसटून सोफ्याखाली. निसटलेले सोडले तरी अठ्ठावीस हजार मिनिटे, म्हणजे ४६६ तास. रोज आठ तास, मान खाली घालून, अठ्ठावन्न दिवस. सरावलेला हात माझ्याहून दुप्पट-तिप्पट वेगाने करत असेल असे धरू. किंमत भागिले कड्या केले तर एका कडीला ऐंशी पैसे येतात. त्या ऐंशी पैशांत तार आहे, भोक आहे, रिवेट आहे, बोटीचे भाडे, कर, आयातदार आणि पालावरच्या बाई आहेत. उरलेले, जे काही उरत असेल ते, त्या हाताचे.

हा हिशेब मी एक्सेलमध्ये केला आणि फाईल बंद केली. तो शर्ट पुढे दोन महिने कपाटात राहिला. परत करावा असे वाटत नव्हते. परत करून त्या माणसाचे काय भले होणार होते? घालावासाही वाटत नव्हता.

२०१९ मध्ये सामान आवरून परत आले तेव्हा मुंबई विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडायला लावली.

"हे काय आहे, मॅडम?"

"चिलखत."

"कुणाचं?"

"माझंच."

त्यांनी शर्ट दोन्ही हातांनी उचलला, वजनाने थोडे वाकले, आणि पिशवीवरची चिकटपट्टी वाचली. "इंडियातलंच आहे की. मग तिकडे कशाला नेलं होतं?" मी खरे ते सांगितले. त्यांनी दुसऱ्या साहेबांना हाक मारून तो दाखवला आणि मला जाऊ दिले.

पुण्याला आल्यावर कोटाचे काम सुरू केले. जुन्या बाजारातून एक व्हाइस, दोन हातोड्या आणि रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आणला. ती माझी ऐरण. पत्रा १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास. एकूण २७ पट्ट्या. थोर्डेमानच्या आकृत्यांवरून पुठ्ठ्याचे साचे कापले, अंगाला लावून बघितले, बरोबर बसले. पत्रे कापले, कानशीने धारा मारल्या, भोके पाडली, कातडे ठोकले. दोन महिन्यांनी कोट घालायला गेले तर पाठीवर चार बोटे उघडा राहिला. पुठ्ठ्याचे माप मी टी-शर्टवर घेतले होते. चिलखताखाली जाड गादीदार अंगरखा लागतो, नाहीतर घाव लोखंडाला बसतो आणि हाड आत मोडते. त्या अंगरख्याची जाडी मी धरलीच नव्हती. एखादी गोष्ट वापरणारा ती कशावर घालणार आहे हे न विचारता बनवायची, ही आमच्या धंद्यातली जुनीच चूक. बावन्न रिवेट काढून बाजूच्या पट्ट्या पुन्हा कापल्या.

तो अंगरखा मात्र आईने शिवला. मी तिला पंधराव्या शतकातल्या चित्रांतले नमुने दाखवत होते. तिने चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाली, "गोधडी आहे ही. बाह्या लावलेली." जुन्या सुती साड्यांचे आठ थर घालून तिने धावदोऱ्याने उभ्या ओळी मारल्या. युरोपातही तागाच्या जुन्या कापडाचे थर किंवा कापूस भरून असेच शिवत. चिलखताचा अर्धा जीव या कापडात असतो, आणि संग्रहालयांत नेमके तेच सर्वांत कमी टिकलेले आहे. लोखंड गंजूनही राहते, कापड राहत नाही.

खांद्यांच्या दोन वाट्या मला काही केल्या जमेनात. पत्र्याला सुरकुत्या पडत. म्हणून कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथल्या एका वयस्कर काकांनी माझी वाटी हातात घेऊन फिरवली आणि विचारले, "ताई, पत्र्यावर राग आहे का तुमचा?" मी मधोमध जोरात मारत होते. त्यांनी कडेपासून आत, गोल गोल, हलक्या हाताने ठोके घालून दाखवले. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करतात तसे. लोखंड तांब्यासारखे ऐकत नाही, पण कसब तेच. मधे पत्रा लाल करून हळूहळू निवू द्यायचा, मग तो पुन्हा मऊ होतो. उजवी वाटी माझी, डावी जवळजवळ पूर्ण त्यांची आहे. फोटो मोठा करून पाहिलात तर कुठली चांगली ते कळेल.

पहिल्या पावसाळ्यात सगळे गंजले. मध्ययुगात कड्यांचे चिलखत वाळू घातलेल्या पिंपात टाकून पिंप गडगडवत. कड्या एकमेकींवर आणि वाळूवर घासून स्वच्छ होत. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात वाळू आणि शर्ट घातला, झाकण दोरीने बांधले आणि मुलांना पिंप ढकलायला दिले. वॉचमनकाकांनी दोनदा विचारले आत काय आहे, आणि दोन्ही वेळा माझ्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाही. तासाभरात शर्ट चांदीसारखा. मुलांनी वडापाव घेतले.

तुमच्यापैकी बहुतेकांना वाटते ते वजनाबद्दल. चिलखतातला सरदार पडला की उठू शकत नसे, त्याला घोड्यावर चढवायला कप्पी लागे, असे आपण ऐकले आहे. १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटात तसे दाखवलेही आहे. ते खरे नाही. लढाईचे संपूर्ण पत्र्याचे चिलखत बहुधा २० ते ३० किलोंच्या आसपास असे आणि ते सगळ्या अंगावर वाटलेले असे. बूसिको नावाचा फ्रेंच सेनानी टोप सोडून बाकी सगळे चिलखत घालून कोलांटी मारत असे, असे त्याच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रात आहे. मी कोलांटी मारत नाही, पण जिना चढते. फुकट मात्र काहीच नाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चिलखताच्या प्रतिकृती घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले: चालायला दुपटीहून अधिक शक्ती लागते. पायांवरचे लोखंड प्रत्येक पावलाला उचलावे लागते, आणि छाती आवळलेली असल्याने श्वास उथळ होतो. हे मला घामाने आधीच कळले होते, पण आकड्यात वाचून बरे वाटले.

या सगळ्यात मी एक गोष्ट शोधू लागले: नावे. न्यूरेंबर्गमध्ये कड्या विणणारे आणि पत्रा घडवणारे असे दोन वेगळे कारागीर होते, आणि माल तपासून त्यावर शहराचा शिक्का बसे. मिलानच्या कारागिरांच्या खुणा पत्र्यावर ठोकलेल्या आहेत. काही जर्मन शर्टांत हजारो लोखंडी कड्यांमध्ये एखादीच पितळी कडी असते आणि तिच्यावर करणाऱ्याचे नाव किंवा गावाची खूण. आपल्याकडचे पाहिले तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या एका सुंदर बख्तरावर शाहजहानचे नाव आहे. दख्खनमधली कित्येक बख्तरे बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. आदिलशाहीचे आदोनी १६८९ च्या सुमारास मुघलांनी घेतले तेव्हा बिकानेरचा अनुपसिंह त्या मोहिमेत होता, आणि ही लूट आदोनीची अशी नोंद ठिपक्याठिपक्यांनी बख्तरांवर कोरलेली आहे. घालणाऱ्याचे नाव आहे, लुटणाऱ्याचे आहे. माझ्या शर्टावर फक्त देशाचे नाव होते, तेही पिशवीवर.

तो शर्ट मी शेवटी कपाटातून काढला तो घालण्यासाठी नाही, दुरुस्तीसाठी. स्वस्त शर्ट टी अक्षरासारखे सपाट विणलेले असतात. हात वर केला की सगळा शर्ट वर ओढला जातो. त्यासाठी काख उसवून तिथे जास्तीच्या कड्या घालाव्या लागतात, ओळ रुंद करत न्यायची आणि मग पुन्हा अरुंद करत आणायची. दोन रविवार मला ते जमले नाही. कागदावर आकृती काढली, जाळीचे छोटे मॉडेल प्रोग्राममध्ये करून पाहिले, तरी हातात गुंता. तिसऱ्या रविवारी एकाएकी कळले की मी मोज्याची टाच वळवते आहे. टाके वाढवायचे, ओळ फिरवायची, टाके कमी करायचे. बाईंनी त्या पुढच्या सोमवारी मला समोर बसवून हेच करायला लावले होते. मी रडत रडत एक वाकडी टाच विणली होती आणि दहापैकी चार मिळवले होते.

दोन्ही काखांत मिळून ४१२ कड्या बसल्या. त्या जोडताना जुन्या कड्या अगदी जवळून बघाव्या लागल्या. एका बाजूचे रिवेट सगळे एका दिशेला किंचित कललेले, दुसऱ्या बाजूचे सरळ. एकाहून जास्त माणसांनी तो शर्ट विणला असणार. कललेल्या रिवेटांचा माणूस डावखुरा असावा असे मला वाटते. खात्री करायला मार्ग नाही.

तर ग्रुपवरच्या प्रश्नाचे उत्तर. टोप चेक लोहाराचा. अंगरखा आईचा. डावी खांद्याची वाटी तांबट आळीतल्या काकांची. अठ्ठावीस हजार कड्या भारतातल्या निदान दोघा माणसांच्या, ज्यांतला एक बहुधा डावखुरा. कोटाच्या सत्तावीस पट्ट्या, उजवी वाटी आणि काखेतल्या ४१२ कड्या माझ्या. सपाता नवऱ्याच्या.

मेळाव्याला हे सगळे गाडीच्या डिकीतून आणते आहे. ज्याला घालून बघायचे असेल त्याने पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालून यावे, कारण कड्यांना तेल असते आणि डाग निघत नाही. बाई येणार आहेत असे कळले. त्यांना काखेची बाजू उलटी करून दाखवायची आहे. तीन ओळी उसवायच्या म्हणाल्या तर अडायला नको, म्हणून पक्कड आणि रिवेटांची पुडीही घेते आहे.